शिक्षक विष्णु दिगंबर
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संमेलनाच्या चिटणीसांनी ‘संगीत’ या विषयावर अर्धा तास बोलावे अशी आम्हांस आज्ञा केली, तेव्हा आम्ही प्रथम नकारच कळविला होता. आम्ही गवई नव्हे. शाळकरी वयात तीन वर्षे गायन शिकलो, प्रवेशिकेची पहिली परीक्षा जेमतेम उत्तीर्ण झालो आणि पुढे सारी हयात कचेरीच्या हिशेबवह्यांत गेली. अशा माणसाने व्यासपीठावर चढून रागरागिण्यांची चर्चा करावी, हे शोभले नसते. परंतु नंतर असे कानी आले की, मंडळाच्या सभागृहात गेली चाळीस वर्षे दर गुरुवारी आणि शनिवारी सायंकाळी भरणारा गायनवर्ग बंद करावा काय, हा प्रश्न कार्यकारिणीपुढे आलेला आहे. वर्गात अकरा मुले. त्यांत ज्ञातीची अवघी चार. तेवढा वेळ सभागृह भाड्याने दिल्यास विद्यार्थी-साहाय्य निधीत चांगली भर पडेल, असा हिशेब मांडण्यात आला आहे. हिशेब हा आमचा जन्माचा धंदा असल्यामुळे त्यात चूक नाही, हे आम्ही प्रांजळपणे कबूल करतो. मात्र त्या हिशेबात एक रकम धरावयाची राहिली आहे, असे आम्हांस वाटले, आणि ती कोणाच्या नावे जमा आहे हे सांगण्यासाठी आम्ही आज उभे राहिलो आहो. ती पंडित विष्णु दिगंबर पलुसकर यांच्या नावे आहे.

पंडितजींचा जन्म १८ ऑगस्ट १८७२ रोजी कुरुंदवाड येथे झाला. वडील दिगंबरबुवा कीर्तनकार होते. मुलगा लहान असताना दत्तजयंतीच्या उत्सवात शोभेची दारू त्याच्या चेहऱ्याजवळ उडाली आणि त्याची दृष्टी कायमची अधू झाली. शाळा सुटली. ज्याला पुस्तक वाचता येत नाही त्याने करावे काय? आवाज चांगला, घरात कीर्तनाचे संस्कार. तेव्हा मुलाला मिरजेस पंडित बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्याकडे गायन शिकावयास ठेवण्यात आले. ग्वाल्हेरची ख्यालगायकी महाराष्ट्रात आणून रुजविणाऱ्यांत बाळकृष्णबुवांचे स्थान फार मोठे. मिरजेच्या संस्थानिकांनी या होतकरू मुलाला आश्रय दिला. पुढे ज्याने हिंदुस्थानभर पाठशाळा, पाठ्यपुस्तके आणि परीक्षा यांचे जाळे विणले, तो पुरुष दृष्टीपायी शाळेतून उठलेला होता, ही गोष्ट आम्हांस नेहमी विलक्षण वाटत आली आहे.

मिरजेतील एक प्रसंग सांगतात. गावातील एका समारंभास विष्णुबुवांना निमंत्रण आले. पाहतात तो गुरुजींना निमंत्रण नाही. चौकशी करता समजले की, विष्णुबुवांना बोलावणे होते ते संस्थानिकांच्या मर्जीतले म्हणून; गवई म्हणून कोणालाच नव्हते, कारण गवयास अशा ठिकाणी बोलावण्याचा परिपाठ नाही. ज्या गुरूच्या पायाशी आपण बसतो, ज्याची तान ऐकून दरबार डोलतो, त्याला पंक्तीत पाट नाही! मंडळी, आपल्यापैकी ज्या वडीलधाऱ्यांनी लहानपणी पंक्तीतली बोच अनुभवली असेल, त्यांना या प्रसंगाचा अर्थ फोड करून सांगावयास नको. पंडितजींच्या मनात ही गोष्ट खोल रुतली. इ. स. १८९६ मध्ये त्यांनी मिरज सोडली. आश्रय सोडला, गुरुगृह सोडले, आणि हातांत तंबोरा घेऊन हा अधू दृष्टीचा तरुण दोन सोबत्यांच्या आधाराने उत्तरेच्या वाटेला लागला.

या भ्रमंतीचा सारा तपशील येथे देत नाही. बडोदे, काठेवाड, ग्वाल्हेर, मथुरा, दिल्ली, पंजाब अशी ती यात्रा झाली. त्यातली एकच गोष्ट आमच्या विषयासाठी ध्यानात ठेवण्याजोगी आहे. काठेवाडात त्यांनी तिकीट लावून जाहीर मैफल केली. आज यात कोणास काहीच वाटणार नाही. परंतु त्या काळी गाणे म्हणजे राजाच्या किंवा धनिकाच्या दिवाणखान्यात, त्याच्या लहरीप्रमाणे ऐकण्याची वस्तू होती. माफक पैसे मोजून सामान्य माणसाने खुर्चीवर बसावे आणि गवयाने कोणापुढे मान न लववता गावे, हा व्यवहारच नवा होता. बुवा मोठे व्यवहारी होते, हे त्यांच्या चरित्रात पदोपदी दिसते. मात्र स्वतःच्या बाबतीत तो व्यवहार त्यांना कधी साधला नाही. त्याविषयी पुढे बोलू.

५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. हिंदुस्थानातली ही पहिली गायनशाळा नव्हे. बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने मौलाबक्ष यांची गायनशाळा १८८६ पासूनच चालू होती. परंतु तिच्यामागे राजा होता. लाहोरच्या शाळेमागे राजा नव्हता. लोकांची वर्गणी, विद्यार्थ्यांचे शुल्क आणि बुवांच्या मैफलींचे उत्पन्न एवढ्यावर ती उभी राहिली. आणि लाहोर तरी कोणाचे? भाषा परकी, नातलग नाहीत, ज्ञातिबांधव नाहीत. म्हणतात की, पहिले काही दिवस शाळेत एकही विद्यार्थी फिरकला नाही, तेव्हा बुवा ठरल्या वेळी शाळा उघडीत, तंबोरा लावीत आणि स्वतःच रियाज करीत बसत. पुढे विद्यार्थी आले, स्त्रियांसाठी वेगळे वर्ग निघाले, छापखाना निघाला, ‘संगीत बालप्रकाश’सारखी क्रमिक पुस्तके निघाली, ‘संगीतामृत प्रवाह’ नावाचे मासिक निघाले. वेळापत्रक आले, इयत्ता आल्या, परीक्षा आल्या. उस्तादाची सेवा करीत वर्षे काढावी आणि तो प्रसन्न होईल त्या दिवशी एखादी चीज पदरात पडावी, या जुन्या रीतीच्या जागी, सोमवारी सायंकाळी सहा वाजता भूपाचा आरोह-अवरोह शिकविला जाईल, असा करार आला. या कराराची काही जुन्या गवयांनी थट्टा केली. थट्टेत तथ्यही होते. घड्याळ लावून गवई घडत नाही. पण घड्याळ लावून घरोघरी सूर पोहोचतो, हे त्या थट्टेखोरांच्या ध्यानी आले नाही. आपण तानसेन निर्माण करू शकणार नाही, पण कानसेन मात्र घडवू, अशा अर्थाचे उद्गार पंडितजींच्या नावावर सांगितले जातात. आमच्या मते हे त्यांच्या कार्याचे अर्धेच वर्णन झाले. त्यांना श्रोत्याइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, शिक्षक हवा होता.

यासाठी त्यांनी ‘उपदेशक वर्ग’ काढला. निवडक मुलांना विद्यालयातच ठेवून घ्यावयाचे. जेवणखाण, कपडालत्ता, विद्या सारे मोफत. बदल्यात पालकांनी नऊ वर्षांचा करार लिहून द्यावयाचा. नऊ वर्षे! आजच्या पालकांनी क्षणभर कल्पना करून पाहावी. या मुलांची शिस्त कडक असे. पहाटेपासून रियाज, मग खालच्या वर्गांना शिकविणे, मग जलशात बुवांच्या मागे तंबोऱ्यावर बसणे. शिकता शिकता शिकवावयाचे, हा त्या वर्गाचा गाभा होता. वर्ग पुरा केलेल्या तरुणाने दरबार शोधीत न फिरता एखाद्या गावी जावे, खोली भाड्याने घ्यावी, पाटी लावावी आणि विद्यार्थी जमवावे, अशी अपेक्षा असे. कारखान्यातून माल निघावा तसे शिक्षक काढण्याचा हा उद्योग, असे त्यास कोणी हिणवील. आम्ही त्याला पंक्तीत पाट मांडण्याचा उद्योग म्हणतो. मिरजेच्या त्या समारंभाला दिलेले हे उत्तर होते.

१९०८ साली बुवा मुंबईस आले आणि महाविद्यालयाची शाखा येथे सुरू झाली. काही वर्षांत सँडहर्स्ट रोडवर स्वतःची मोठी इमारत उभी राहिली. येथेच त्यांचा व्यवहार फसला. इमारत कर्जाऊ पैशाने बांधलेली. उपदेशक वर्गातील मुलांचा खर्च वाढता. कर्जफेडीसाठी बुवा गावोगाव मैफली करीत हिंडत आणि मिळालेला पैसा व्याजात जाई. अखेर इमारतीचा लिलाव झाला. बुवांचे मन तोवर रामनामाकडे वळले होते. भगवी वस्त्रे धारण करून ते नाशकास रामनामाच्या आश्रमात राहू लागले, तुलसीरामायण सांगू लागले. मैफलीचे गाणे मागे पडले. बाह्य जगाच्या दृष्टीने त्यांचा संसार आणि संस्था दोन्ही विस्कटल्या होत्या. २१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेस त्यांचे देहावसान झाले. ज्या गावातून निघाले, त्याच गावी आले.

येथेच चरित्र संपले असते, तर ते एका अयशस्वी संस्थाचालकाचे चरित्र ठरले असते. कर्जाच्या वहीत बुवा बुडालेच होते. पण मंडळी, लिलावात इमारत विकली जाते, त्यांनी शिकविलेली माणसे विकली जात नाहीत. या माणसांपैकी तीन-चारांचीच गोष्ट सांगतो.

गुजराथेत एका दरिद्री घरात ओंकारनाथ नावाचा मुलगा होता. घरी दोन वेळच्या अन्नाची भ्रांत. मुलगा मिळेल ते काम करीत होता. एका पारशी शेटजींनी त्याचा आवाज ऐकून त्यास मुंबईस बुवांच्या विद्यालयात पाठविले. विशी ओलांडण्यापूर्वीच या तरुणावर बुवांनी लाहोरच्या विद्यालयाचा कारभार सोपविला. हेच पुढे पंडित ओंकारनाथ ठाकूर. १५ ऑगस्ट १९४७ च्या पहाटे आकाशवाणीवरून देशाने ज्यांचे ‘वंदे मातरम्’ ऐकले ते. १९५० साली काशी हिंदू विश्वविद्यालयातील संगीत महाविद्यालयाचे ते प्रमुख झाले. ज्या विद्येच्या धन्यास समारंभाचे निमंत्रण नव्हते, ती विद्या विश्वविद्यालयात गादीवर बसली, आणि मध्ये एका पिढीचेच अंतर!

दुसरे नारायण मोरेश्वर खरे. गांधीजींनी आश्रमासाठी गायक मागितला, तेव्हा बुवांनी यांना पाठविले. मैफली गाजविण्याची योग्यता असलेला हा गवई साबरमतीस जाऊन राहिला, पहाट-संध्याकाळची प्रार्थना चालवू लागला, ‘आश्रम भजनावलि’ सिद्ध केली आणि १९३० च्या दांडीयात्रेत निवडक सत्याग्रहींबरोबर पायी चालला. ज्यांनी कधी मैफल ऐकली नाही अशा लक्षावधी लोकांच्या कानी शुद्ध स्वर पडला तो अशा प्रार्थनांतून. खरेशास्त्री १९३८ साली निवर्तले. त्यांचे नाव आज फार थोड्यांस ठाऊक आहे. शिक्षकाच्या वाट्याला बहुधा हेच येते.

विनायकबुवा पटवर्धन हे गंधर्व नाटक मंडळीत होते. रंगभूमीवर नाव होते, पैसा होता. गुरूंच्या निधनानंतर वर्ष उलटण्याच्या आतच त्यांनी नाटक सोडले आणि ८ मे १९३२ रोजी पुण्यास गांधर्व महाविद्यालय काढले. ‘रागविज्ञान’चे भाग लिहिले. बुवांचे चिरंजीव दत्तात्रेय, म्हणजे आपले डी. व्ही. पलुसकर, वडील गेले तेव्हा अवघे दहा वर्षांचे होते. त्या पोरक्या मुलाला विनायकबुवांनी आणि नारायणराव व्यासांनी घडविले. नऊ वर्षांच्या करारात न लिहिलेले हे कलम होते. दुर्दैवाने १९५५ मध्ये, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, हा गोड गळा बंद झाला. त्यांच्या ध्वनिमुद्रिका मात्र आजही घरोघरी वाजतात, आणि भजन गाताना त्यांच्यासारखा सूर लागावा ही इच्छा न धरणारा मराठी गायक विरळा.

चौथे बा. र. देवधर. हे पंडितजींचे शिष्य. परंतु त्यांनी १९२५ साली मुंबईत ‘स्कूल ऑफ इंडियन म्युझिक’ काढले ते गुरूहून निराळ्या बाण्याने. सर्व घराण्यांना तेथे दार उघडे. थोर थोर खाँसाहेब तेथे येऊन गात, बसत, बोलत. पुढे दहा-अकरा वर्षांनी शिवपुत्र कोमकली नावाचे एक अद्भुत पोर त्यांच्या हाती आले. नक्कल करण्यात त्या पोराचा हात धरणारा नव्हता. देवधर मास्तरांनी त्याला नकलेतून बाहेर काढून स्वतःचा विचार करावयास शिकविले, आणि कुमार गंधर्व घडले. कुमारांचे गाणे विष्णु दिगंबरांना रुचले असते काय, याची आम्हांस शंका आहे. पण हा वृक्ष त्यांच्याच बियाण्याचा.

‘देवधर मास्तर’ हा शब्द आम्ही मुद्दाम उच्चारला. बुवा, पंडित, खाँसाहेब ही बिरुदे थोर खरी; पण विष्णु दिगंबरांचा प्रभाव आमच्यासारख्यांच्या घरात शिरला तो ‘गायनमास्तर’ या शब्दाचे बोट धरून. आमचे बालपण एका तालुक्याच्या गावी गेले. १९५२-५३ चा सुमार असावा. आमच्या थोरल्या भगिनी, त्यांना आम्ही अक्का म्हणत असू, यांचा गळा गोड होता. वडिलांच्या मनात त्यांना गाणे शिकवावे असे आले, तेव्हा घरात केवढे वादळ उठले! आजीने दोन दिवस अन्न घेतले नाही. घरंदाज मुलीने गाणे, म्हणजे ओवी आणि आरती एवढेच. पेटी-तबला आणि परपुरुष शिकवणारा, हे तिच्या कल्पनेपलीकडचे होते. वडिलांनी वाद घातला नाही. पुण्याहून विशारद होऊन आलेले एक तरुण मास्तर शाळेत नोकरीस होते, त्यांना त्यांनी रविवारी घरी फराळास बोलाविले. ते आले, पायांतल्या वहाणा बाहेर काढल्या, आजीला वाकून नमस्कार केला, फराळ झाल्यावर एक भजन म्हटले आणि पिशवीतून छापील पुस्तक आणि परीक्षेचा अभ्यासक्रम काढून वडिलांपुढे ठेवला. आजी आतून ऐकत होती. ते गेल्यावर एवढेच म्हणाली, “हा तर मास्तर दिसतो. मग शिकू दे पोरीला.”

या एका वाक्यासाठी पंडितजींनी मिरज सोडली होती, असे आम्ही मानतो. भजनाचा आग्रह, विद्यार्थ्यांचे निर्व्यसनी राहणे, छापील पुस्तक, परीक्षा, प्रमाणपत्र, या साऱ्यांवर विद्वानांनी पुष्कळ टीका केली आहे. परंतु आजीच्या माजघराचा उंबरठा ओलांडून सूर आत आला तो याच पासांवर. अक्का मध्यमा पूर्ण झाल्या, मग लग्न झाले. सासरी तंबोरा बारा वर्षे गवसणीत राहिला. पुढे मुले मोठी झाल्यावर त्यांनी चाळीतल्या मुलांना शिकवावयास प्रारंभ केला आणि वयाच्या शहात्तराव्या वर्षापर्यंत शिकविले. आपल्या सभागृहातील वर्गाच्या आजच्या शिक्षिका त्यांच्याच एका विद्यार्थिनीच्या विद्यार्थिनी.

एकेरी स्तुती करून आम्ही खाली बसणार नाही. पंडितजींच्या कार्याची दुसरी बाजूही आहे. ज्या गायकीवर त्यांची शाळा उभी राहिली, ती मुळात ग्वाल्हेरच्या हद्दू-हस्सू खाँसाहेबांच्या घरची. ती घरोघरी पोहोचली, तेव्हा पुष्कळ घरांत खाँसाहेबांचे नाव मात्र पोहोचले नाही. तसेच ज्या कलावंत स्त्रियांनी हे गाणे पिढ्यान्‌पिढ्या जतन केले, त्यांना या नव्या प्रतिष्ठित पंक्तीत पाट मिळाला नाही. आमच्या अक्कांचे गाणे ‘घरंदाज’ ठरले ते काही अंशी त्यांचे गाणे तसे न ठरल्यामुळे. शृंगाराचे शब्द गाळून चिजा सोवळ्या करण्याच्या प्रयत्नात काही रसही गळाला. त्यांची स्वरलेखनपद्धती क्लिष्ट. दुसरे विष्णु, पंडित भातखंडे, यांची सोपी पद्धतीच अखेर बहुतेक ठिकाणी चालली. आणि परीक्षांविषयी तर काय सांगावे! त्यांच्या निधनानंतर शिष्यांनी १९३१ मध्ये स्थापन केलेले अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ आज प्रारंभिकपासून अलंकारापर्यंत परीक्षा घेते. त्यात दहावीचे वाढीव गुण मिळविण्यापुरती चार राग घोकून येणारी मुले आहेतच. आम्ही तरी प्रवेशिकेस दुसरे काय केले होते?

पण आम्ही घोकलेला तो भूप आम्हांस पन्नास वर्षांनंतर, एका वाईट रात्री, इस्पितळाच्या बाकावर बसलो असता आपोआप ओठांवर आला. त्याचा हिशेब कोणत्या वहीत लिहावा हे आम्हांस समजलेले नाही.

आता कार्यकारिणीस दोन शब्द. ज्ञातीची चारच मुले येतात, हे वर्ग बंद करण्याचे कारण होऊ शकत नाही. महाराष्ट्राच्या दक्षिण टोकाचा माणूस लाहोरास जाऊन शाळा काढतो, गुजराथेतल्या दरिद्री घरचे पोर त्याचा पट्टशिष्य होते. त्या परंपरेतला वर्ग ज्ञातीच्या गणनेवर कसा मोजावा? उरलेली सात मुले कोणाची, हे आम्ही विचारले नाही. आमची सूचना अशी की, वर्ग सर्वांस खुला असल्याचा फलक बाहेर लावावा, ज्ञातीबाहेरील मुलांकडून घेतले जाणारे अधिक शुल्क रद्द करावे आणि शिक्षिकेचे मानधन, जे गेल्या नऊ वर्षांत वाढलेले नाही, ते वाढवावे. सभागृहाच्या भाड्याचे जे नुकसान होईल त्यातला एक वर्षाचा भाग आम्ही स्वतः देऊ. पुढच्या वर्षांसाठी इतरांनी पुढे यावे.

गेल्या गुरुवारी आम्ही वर्गात मागे जाऊन बसलो होतो. दोनांपैकी एका तंबोऱ्याचा भोपळा तडकला आहे. तो वाजतो, पण बोलत नाही. दुरुस्तीस तो मिरजेसच पाठवावा लागेल. तेथल्या तंबोऱ्यास २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ही वार्ता आपण वाचलीच असेल. आमचे एक आप्त येत्या पंधरवड्यात तिकडे मोटारीने जाणार आहेत. तंबोरा नीट गवसणीत बांधून ठेवावा, अशी चिटणीसांस विनंती आहे. तो न्यावयाचा, की सभागृहाच्या सामानाबरोबर अडगळीत टाकावयाचा, हे रविवारच्या सभेत आपण ठरवावे.